दात काढ ना!

काकू दोरा दातांनी तोडायच्या. ब्लाऊजला शेवटचा हूक लावून झाला की मान जराशी तिरकी, दोरा पुढच्या दाताला, आणि एक झटका. कात्री मांडीवरच पडलेली असायची. कोणी ती दाखवली की म्हणायच्या, "कात्री वेळेवर सापडत नाही गं. दात कुठे जातात?"

तोडून तोडून त्यांच्या पुढच्या दाताला बारीक खाच पडली होती. शिवणकाम करणाऱ्या बायकांचे दात तुम्ही कधी नीट पाहिलेत का? पाहा एकदा. काकूंच्या खाचेत दोरा असा बसायचा, जसा काही तिथेच राहायला होता.

मांडवीजवळच्या गल्लीत, माडीवर आमचं ब्लाऊज शिवायचं दुकान. काकू तिथल्या सगळ्यात जुन्या. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, म्हणजे घर पिढ्यान् पिढ्या बडोद्याचं. त्यांच्या मराठीत गुजराती अशी मिसळलेली की टाका दिसू नये. मी बार्शीकडची. शाळा सातवीत सुटली. नवरा बडोद्याजवळ बाजव्याला कंत्राटी कामावर लागला म्हणून इथवर आले. वरचे दात एकावर एक चढलेले, त्यातले दोन ओठांबाहेर. म्हणून बोलताना तोंडावर ओढणीचं टोक आणि हसताना तळहात.

कामाला लागून आठवडा झाला नव्हता. काकूंनी एका गिऱ्हाईक बाईची नक्कल केली, "माप गेल्या वर्षीचंच ठेवा हं, मी बारीक होणार आहे!" सगळ्या खिदळल्या. मीही हसले, हाताआडून. काकूंनी ते पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं, अशी काय? दात काढ ना! मस्त दात काढ!"

आमच्याकडे 'दात काढू नकोस' म्हणून दटावतात, ते माहीत होतं. पण 'काढ' असं कोण सांगतं? मला वाटलं, यांना माझे दात बघवत नाहीत. काम टिकवायचं तर उपटूनच यायला हवं. घरी जाऊन सगळं सांगितलं. नवरा बिचारा म्हणाला, "विचार तरी, सगळे काढायचेत का पुढचेच?"

दुसऱ्या दिवशी काकूंच्या कानाशी जाऊन विचारलं, "काकू, पुढचे दोनच काढले तर चालेल?"

शेजारच्या मशीनवर ते ऐकू गेलं आणि माडी हसण्याने हलली. गुजराती बायकांना कोणीतरी उलगडून सांगितलं, मग त्या वेगळ्या हसल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. हातातलं काम खाली ठेवून म्हणाल्या, "अरे दीकरा, इकडे दात काढणं म्हणजे हसणं! आणि तू हे कालपासून मनात घेऊन बसलीस?" माझ्या तोंडावरचा हात त्यांनी धरून खाली आणला. मग मात्र त्या अशा हसल्या की डोळे पुसायला ब्लाऊजचं कापड घेतलं, तेही गिऱ्हाइकाचं.

तेव्हापासून 'दात काढ' हा आमच्या माडीचा रामराम झाला. पण माझा हात काही तोंडावरून पुरता उतरला नाही. मला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी नाही. काकूंचे डोळे थकत चालले होते. मापं घ्यायला, गिऱ्हाइकांशी बोलायला मी पुढे उभं राहावं, असं त्यांच्या मनात होतं. मी रोज काहीतरी निमित्त काढून मागच्या मशीनवर पळायची.

एकदा कॉलेजातली एक मुलगी आली. दातांना तार, आणि तरी तोंड भरून बोलत होती. मी बघतच राहिले.

"तुला पाहिजे का?" काकूंनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आत मशीनवरून एकीचा आवाज आला, "ह्या वयात? लग्न झालं, पोर झालं. आता कोणाला दाखवायचेत?"

"तिचे तिला," काकू म्हणाल्या. "लग्न झालं की आरसा माहेरी ठेवून येतात का?"

त्याच मला समा भागातल्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि गंभीरपणे म्हणाले, "चार दांत काढवा पडशे."

मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. खुर्चीत आडवी पडलेली मी तोंड उघडं ठेवूनच हसायला लागले. "साहेब, त्यासाठीच तर आणलीय हिला!" काकू म्हणाल्या. डॉक्टरांना काही कळेना. पण हसणाऱ्या काकूंचा दात त्यांच्या नजरेतून सुटला नाही. दोरा तोडणं बंद करा, म्हणाले, एक दिवस तुटेल.

जिना उतरताना मी विचारत सुटले. तारेला जागा करायला चांगले दात काढायचे, आणि उलटंच काही झालं तर? गावाकडे काय म्हणतील? काकू पायरीवर थांबल्या. "तू तार बसव, मी कात्री धरते. दोघी शिकू."

त्यांनी लेसच्या पट्टीने कात्री गळ्यात बांधली. तरी सवयीने मान तिरकी व्हायची, दोरा तोंडाशी जायचा, मग माझ्याकडे लक्ष जायचं. "नाही नाही, कुठे काय केलं मी?" माझी तार आवळली की मला चावता यायचं नाही. त्या दिवशी काकू खिचडी-कढी आणायच्या आणि स्वतःही तेच खायच्या. तार असतानाच मला काउंटरला ढकललं. "सोन्याची नाहीये, कोणी चोरणार नाही. बोल!"

मी बोलायला लागले. काकू मात्र दुकान सोडून गेल्या. डोळे फारच अधू झाले तेव्हा लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. लेसवाली कात्री माझ्या मशीनच्या खिळ्याला अडकवून गेल्या.

गेल्या महिन्यात तार निघाली. काउंटरवरूनच व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. "फार सुंदर गं," म्हणाल्या, पण पदराआडून. मी विचारलं, बऱ्या आहात ना?

"बरी आहे. पण इथे गमत नाही, जीव रमत नाही. शेजारणीला म्हटलं, दात काढा की हो जरा, तर ती बोलेनाशीच झाली."

मी हसले. त्याही हसल्या, तोंडावर तळहात ठेवून. तो तळहात माझ्या चांगलाच ओळखीचा होता.

"काकू, हात खाली घ्या."

"नको गं."

"घ्या म्हणते ना."

हात खाली आला. खाच नव्हती. अर्धा दातच नव्हता.

"नातीच्या फ्रॉकचं बटण लावत होते," काकू पुटपुटल्या. "कात्री तुझ्याकडे राहिली ना."

समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मशीनी थांबल्या होत्या. मी फोन उंच धरला आणि सगळ्या माडीला ऐकू जाईल असं ओरडले, "काकू, दात काढा!"

आणि त्यांनी काढले.