जित्या बहिणीच्या दारात नेलेले लुगडे

माझा कान गेला आहे, असे आमच्या घराण्यात आता सर्रास सांगितले जाते. ते खोटे आहे. लोणावळ्यात माझ्या गच्चीवर उभे राहून घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून किती इंजिने रेटत आहेत, हे मी आजही आवाजावरून सांगतो. त्या सकाळी दहाच्या सुमारास आलेला फोनही मी स्वच्छ ऐकला. बाईचा आवाज होता. शांत, किंचित थकलेला. तुमच्या बहिणीच्या वाडीवरून बोलते आहे, त्या सकाळी गेल्या, माहेरची माणसे येईपर्यंत थांबवले आहे, एवढेच ती म्हणाली.

मी पस्तीस वर्षे रेल्वेत स्टेशनावर काढली. पलीकडच्या स्टेशनाहून गाडीचा निरोप आला की तो शब्दशः परत म्हणायचा, पलीकडच्याने 'बरोबर' म्हटले की मगच गाडी सोडायची, ही आमची रीत. निवृत्त झालो तरी जिभेवरून ती गेली नाही. म्हणून मी त्या बाईलाही निरोप परत ऐकवला: बहीण आज सकाळी वारली, माहेरच्या माणसांसाठी थांबवले आहे.

"हो. बरोबर," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर मी पस्तीस वर्षे गाड्या सोडल्या होत्या. त्याने मला कधी फसवले नव्हते.

आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटचे लुगडे माहेरचे लागते. ते भावाने न्यायचे, आणि ते पोहोचेपर्यंत तिला उचलत नाहीत. मयताच्या घरी उलट फोन करून बातमी खरी का, असे विचारणेही आमच्यात अघोरी समजतात. मी विचारले नाही. मी घराण्यात थोरला. कळवण्याचे काम माझे. बाजारातून लुगडे घेतले आणि वाटेत एकेका घराला फोन लावत गेलो. एकतीस घरे झाली.

त्यांतले एक घर सोमाटण्याचे, माझ्या भाचीचे. आईचे तिला आधीच कळले असणार असे धरून मी विचारले, "निघालीस का?" तिला काहीच माहीत नव्हते. लेकीला जे ठाऊक नाही ते मामाला ठाऊक आहे, ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. खटकली नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

कान्हे स्टेशनला उतरून जीप केली आणि आंदर मावळातली ती वाडी गाठली. अंगणात ना माणसे, ना रडणे. बहीण ओट्यावर बसून सुपात तांदूळ पाखडत होती.

आयुष्यात मी अपघात पाहिले आहेत. रुळांवरून माणसे उचलली आहेत. पण मेलेले माणूस ओट्यावर बसून तांदूळ पाखडताना कधी पाहिले नव्हते. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग हातातल्या पिशवीकडे. लुगड्याचा काठ बाहेर आला होता.

"दादा, कुनासाठी आनलंस?"

मी काठ पिशवीत आत ढकलला. तेवढ्यात मागून रिक्षा आली आणि भाची उतरली. आई समोर दिसत असूनही ती तिच्याकडे धावली नाही. वाटेतच मटकन खाली बसली आणि बराच वेळ तिला उठता येईना. तासाभरात वाडीवर जीपांवर जीपा येऊ लागल्या. बहिणीने सगळ्यांना पाणी दिले आणि म्हणाली, "जितेपनी कवा एवढी मान्सं आली न्हाईत माझ्याकडं." दोघे-चौघे हसले. पाणी देता देता माझ्या हातातली पिशवी मात्र तिने काढून घेऊन दाराआड ठेवली. ते मी पाहिले. इतरांनी पाहिले नसेल.

फोन माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने करवला होता. पोरसवदा नाही, बेचाळीस वर्षांचा गृहस्थ आहे. लोणावळ्यात पर्यटकांना बंगले भाड्याने देतो. मला फोनवर कोणी फसवू शकत नाही, असे मी एका लग्नात बोललो होतो, ते त्याने मनात ठेवले. मोबाईलवर एक ॲप घ्यायचे, मजकूर लिहायचा, आवाज निवडायचा. यंत्र फोन करते, प्रश्नांना उत्तरेही देते आणि समोरच्याची फजिती ध्वनिमुद्रित करून पाठवते. ते ध्वनिमुद्रण घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. लोक हसले ते कशाला? मी निरोप परत म्हटला, त्याला.

दुसऱ्या दिवशी त्याला वाडीवर बोलावले. तो म्हणाला, "काका, मजाक होता. पाच मिनिटांत सांगणारच होतो, पण तुमचा फोन सारखा बिझी."

"कशात बिझी होता, ते तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

यंत्राला माहेर कुठले? माहेरच्या माणसांसाठी थांबवले आहे, हे वाक्य आमच्याच घरातल्या माणसाने बोटांनी लिहिले होते. मला सर्वांत मोठा धक्का बसला तो याचा.

यंत्राने एकतीस घरांना फोन केले, असेही आता सांगतात. खोटे. यंत्राने एकच फोन केला. एकतीस घरांना रडवले ते मी, माझ्या आवाजात. आणि माझा आवाज होता म्हणूनच त्यांनी विश्वास ठेवला. बहीण जिवंत आहे हे कळवायला मी त्याच लोकांना परत फोन केले, तेव्हा दोन घरांनी मलाच विचारले, "आबा, तुमीच बोलताय न्हवं?"

हे ऐकून बहीण पुतण्याला म्हणाली, "उद्या मी खरंच ग्येले तर कोन इस्वास ठेवनार? माह्यारचं लुगडं यायच्या आधीच उचलत्याल मला." मग म्हणाली, "आता तूच घरोघर जा. उंबऱ्यावर उभा राहून सांग, आत्या जिती हाय म्हून. आन् मी जाईन तवाबी फोन न्हाई. तूच जायाचं सांगाया."

ही शिक्षा मी फर्मावली, असे पुतण्याची बायको सांगते. मी नाही, बहिणीने फर्मावली. तो एकतीस घरी गेला, हेही खरे नाही. तो तीस घरी गेला. सोमाटण्याला मी गेलो, कारण तिथे लेकीला आईचे मरण माझ्या तोंडून कळले होते.

भाचीने दार उघडले, पाणी दिले. मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. ते तिच्यापुरते होते. तिने ऐकून घेतले.

"मामा," ती म्हणाली, "माझा राग न्हाई तुमच्यावर. पर यापुढं मला फोन नका करू. तुमचं नाव दिसलं की हात कापतो माझा. काय असंल ते असंच येऊन सांगा."

तेव्हापासून मी तिला फोन केलेला नाही. महिन्यातून एकदा गाडीने तळेगावला उतरतो आणि तिथून रिक्षाने सोमाटण्याला जातो. मला दारात पाहिले की ती आधी विचारते, आई बरी आहे ना. मी बरी आहे म्हणतो, आणि मगच ती मला आत घेते.