सात हात मेण

फायबरवाला आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. बाहेरच्या खोलीत साचे, स्वयंपाकघरात रेझिनचे डबे आणि जिनाभर वास. त्या वासापायी मी कितीदा तावातावाने खाली गेले असेन! दार उघडायची त्याची बायको. "या ना ताई, आत बसून वास कमी येतो," म्हणायची. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी तासभर बसून, चहा पिऊन वर यायचे.

तळ्यावरच्या पॅडलबोटींच्या सीट ते दोघं बनवायचे. संध्याकाळी तो माल पोचवायला गेला की ती साच्याला आतून मेण लावायची. सात हात. प्रत्येक हात वाळला की फडक्याने पुसून चकचकीत करायची. सकाळी तो रेझिन आणि काचेच्या धाग्यांची चटई आत चढवायचा. मेण नसेल तर सीट साच्यालाच चिकटते, मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही.

पहिला नमुना घडवताना ओल्या पुट्टीवर वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, अंगठा पडला होता. त्यावरून साचा निघाला, आणि प्रत्येक सीटच्या कडेला अंगठ्याएवढा खळगा येत गेला. "तेव्हा माझ्यावर असे उखडले होते," त्या सांगायच्या, "आणि आता कुणाला बुजवू देत नाहीत."

मागच्या वर्षाच्या शेवटी वहिनी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. लेक परगावी, तिचा फोन येतो. तो तीन महिने नुसता बसून होता. वास बंद झाला, आणि मला, इतकी वर्षं नाक मुरडणारीला, जिना खायला उठला.

मग परवा सकाळी वास आला. मला आनंद झाला, लपवायचं कशाला? दुपारी दार वाजलं. हातमोज्यांसकट तो उभा.

"ताई, जरा साचा धरायला येता?"

सीट निघत नव्हती. कडेने लाकडी पाचरी ठोकून झाल्या, गरम पाणी ओतून झालं. ती ढिम्म हलेना.

"मेण किती हात लावलंत?" मी सहज विचारलं.

"साचा सकाळी तयारच असतो," तो म्हणाला, आणि हातोडी तशीच धरून थांबला. "बावीस वर्षं तयारच असायचा हो, ताई."

कशाला विचारलं, असं झालं मला.

साच्यावरून हात फिरवून तो म्हणाला, "सीट फोडली तर साचा आतून सोलून निघेल. साचाच फोडतो. सीट अख्खी राहिली तर खळगा तरी राहील, तळ्यावरच्या सीटचे तर उन्हापाण्याने झिजलेत. तिच्यावरून नवा साचा काढता येईल."

मग छिन्नीने टवका टवका काढत तो बसला. खळग्याची कड सगळ्यात शेवटी ठेवली. मी दोन्ही हातांनी सीट धरली होती. तो शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्याने आधी डोळे मिटले. मीच बघितलं.

"आहे," मी म्हटलं. "अख्खा आहे."

तेवढ्यात बोटवाल्याचा फोन आला. "ही नाही देणार, पुढची देतो," एवढंच बोलून त्याने मेणाचा डबा उघडला. साचा काढायचा तर सीटलाही सात हात हवेतच. फडकं घेऊन तो घुटमळला.

"ताई, ती आडवं लावायची की गोल?"

बावीस वर्षांत त्याने पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं. "गोल," मी सांगितलं, "आणि हलक्या हाताने."

पहिला हात लावून झाला. खळग्यात मेण साचलं होतं. त्याचा जाड अंगठा आत जाईना. मी फडकं अंगठ्याला गुंडाळून पुसलं. माझा अंगठा तिथे नेमका बसला. मी चटकन हात काढून घेतला.

"जा तुम्ही, ताई. बाकीचं मी लावतो," तो म्हणाला.

मी निघाले. दार त्याने लोटलं नव्हतं. अर्ध्या जिन्यात असताना त्याचा आवाज ऐकू आला.

"दुसरा हात लावतोय गं," तो सांगत होता.