पूजेतल्या बॅटऱ्या

खंडेनवमीला आमच्याकडे तलवार पुजतात. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांचे तिथेच असतात. आता काकांचं शस्त्र म्हणजे ड्रोन. निजामपुऱ्यात त्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे आणि तो ड्रोन मी उडवते. गेल्या खंडेनवमीला पाटावर तलवारीशेजारी ड्रोन आला, त्याच्या दोन बॅटऱ्या आल्या, आणि बॅटऱ्या पूर्ण भरलेल्याच हव्यात असा हुकूमही आला.

"काका, पूजा झाली की चार्जिंग निम्म्यावर उतरवते," मी म्हटलं. "भरलेली बॅटरी पडून राहिली की फुगते."

"शस्त्र सज्ज ठेवायचं असतं. निम्मं सज्ज असं काही नसतं."

मग कुंकू लावलेल्या त्या बॅटऱ्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात राहिल्या. मी उतरवल्या की काका पुन्हा चार्जिंगला लावायचे. संस्थान गेलं, फौज गेली, पगार गेला. सज्जता तेवढी उरली.

लग्नसराईच्या पहिल्याच सकाळी मी कपाट उघडलं. एका बॅटरीचं पोट पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखं सुटलं होतं. दुसरी त्याच वाटेवर होती. काका स्वयंपाकघरातून पोळपाट घेऊन आले.

"दाबून ठेव, बसेल."

मी पोळपाट काढून घेतला. "दाबली किंवा टोचली गेली तर इथेच पेटेल."

"तुला जिथे तिथे आगच दिसते. बापाने कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटली, तू आता बॅटऱ्यांची युनियन काढ."

"काढते. पहिली मागणी विश्रांतीची."

आतून काकू हसली. काका हसले नाहीत. संध्याकाळी कारेलीबागेत वरघोडा होता, आणि नवरदेवाची ती मिरवणूक आकाशातून दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांनी फुगलेली बॅटरी अंगठ्याने रेटून ड्रोनमध्ये बसवली आणि वरून चिकटपट्टी लावली.

"एकच फेरी मार. मिरवणुकीवरून."

मिरवणुकीच्या दोन्ही कडांनी डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेल्या बायका चालतात. उजेड त्यांचा, व्हिडिओ पाहुण्यांचा. त्यांचे चेहरे आम्ही कापून टाकतो. पण ड्रोन फिरतो तो नेमका त्यांच्या डोक्यावरून, कारण वरून चित्र चांगलं येतं ते दिव्यांच्या रांगांचं. बॅटरी हवेत पेटली असती तर कोणाच्या अंगावर, हे सांगायला पत्रक छापायची गरज नव्हती.

मी रिमोट टेबलावर ठेवला.

"उडवते. पण खाली, दिव्यांच्या रांगेत, तुम्ही चालायचं. पूर्ण वेळ."

"मी?"

"फौजी घराणं आहे ना आपलं."

 काकांनीच चिकटपट्टी सोडवली आणि शू केलेलं बाळ धरावं तशी बॅटरी अंगापासून लांब धरून गच्चीवर नेली. कोरड्या वाळूच्या लोखंडी घमेल्यात मी दोन्ही बॅटऱ्या ठेवल्या. काकांनी नवरदेवाच्या वडिलांना फोन लावला.

"पवन बहु छे, ड्रोन नहीं उडे."

त्या दिवशी वाऱ्याने दोरीवरचा रुमालसुद्धा हलत नव्हता.

संध्याकाळी मी एका बंगल्याच्या गच्चीवरून साध्या कॅमेऱ्याने वरघोडा टिपला. दिवेवाल्या बायकांपैकी एकीने वर बघितलं आणि मोकळा हात हलवला.

"तो हात काप," व्हिडिओ बघताना काका म्हणाले.

मी कापला नाही.