संताचं चौथं पान

सेंट पॅट्रिक्स डे जवळ आला की ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या दुकानांत हिरव्या टोप्या लटकायला लागतात, आणि दरवर्षी माझं डोकं सणकतं.

मी तेव्हा तिथल्या एका एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, केअरर होते. युनीची डिग्री होती, पीआर, म्हणजे त्या देशात कायम राहायचा परवाना, नुकताच मिळाला होता, आणि काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, त्यांच्याशी बोलत बसणं. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती आमच्या मॅनेजरची. एरवी ती म्हाताऱ्यांच्या खोल्यांकडे फिरकायची नाही. फोटो काढायचा असला की मात्र प्रेम उतू जायचं. दिवाळीला तिने एका पंजाबी आजोबांच्या गळ्यात प्लास्टिकचा झेंडूचा हार घालून त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. आजोबा मला हळूच म्हणाले, "बेटा, मैं मर गया क्या?"

त्या वर्षी तिच्या डोक्यात आयर्लंडचा संत शिरला. हॉलभर हिरव्या पताका, हिरवी जेली, हिरवा केक. नव्या ब्रोशरसाठी फोटोग्राफर बोलावला होता. "आपल्याकडे खरी आयरिश आहे," असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती, जणू कुठून विकत आणली होती.

ही खरी आयरिश म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी. तरुणपणी लग्न करून बोटीने इकडे आलेल्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या. पाय गेले होते, पण डोकं लख्ख. सकाळी मी खोलीत गेले तेव्हा त्यांनी पांढरा ब्लाउज आणि चांगलं कार्डिगन पलंगावर काढून ठेवलं होतं.

"आज मिस्सा आहे बाळ. मला चर्चला जायचंय."

मी मॅनेजरला विचारायला गेले.

"आपली बस नाहीये," ती म्हणाली. "बस फुगे आणायला गेलीये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण बस खरोखरच फुगे आणायला गेली होती.

"तू तिला ही टोपी घाल आणि हॉलमध्ये घेऊन ये. तुम्हा लोकांना सण-समारंभ छान कळतात, तूच समजाव तिला."

हे 'तुम्हा लोकांना' ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की तिच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

आजींनी टोपी हातात घेतली. पुढे पुठ्ठ्याचं एक पान चिकटवलेलं होतं. त्यावर बोट फिरवत त्यांनी त्याची दलं मोजली.

"चार?" त्या म्हणाल्या. "शॅमरॉकला, आमच्या त्या हिरव्या रोपट्याला, तीन पानं असतात. देव एक असून तीन कसा, हे आमचा संत लोकांना त्या पानावरून समजवायचा. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. हे चौथं कोण? तुमची मॅनेजर?"

हसता हसता मी पलंगावरच बसले. मला त्या संताबद्दल एवढंच माहीत होतं, की त्याने साप हाकलले आणि त्याच्या नावाने लोक बियर पितात. तसं मी त्यांना म्हटलं.

"साप आमच्याकडे नव्हतेच कधी. नव्हते ते हाकलले, म्हणून कौतुक! आणि तो आयरिशही नव्हता. समुद्रावरच्या लुटारूंनी पळवून आणलेला पोरगा तो. गुलाम म्हणून विकला त्याला. थंडीवाऱ्यात मेंढरं राखली. मग पळाला, घरी पोचला. आणि ज्यांनी गुलाम केलं होतं, त्यांच्याकडेच परत गेला, देवाचं सांगायला. आमच्या लहानपणी या दिवशी पब बंद असायचे. चर्चला जायचं, मग घरी जेवण." त्यांनी टोपी माझ्या हातात परत दिली. "आता त्याच्या नावाने लोक गटारात ओकतात."

चर्च आमच्याच रस्त्याच्या टोकाला होतं. ड्यूटीवरच्या नर्सला मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांची मर्जी आहे, घेऊन जा. ऊन आहे, पाण्याची बाटली ने." माझ्या ब्रेकमध्ये मी व्हीलचेअर ढकलत निघाले. वाटेतल्या पबबाहेर सकाळीच रांग लागली होती. हिरवे विग घातलेली दांडगी पोरं आजींना बघून "हॅपी पॅडीज, डार्लिंग!" म्हणून ओरडली. आजींनी मानसुद्धा वळवली नाही.

चर्चमध्ये मूठभर माणसं होती. काही फिलिपिनो बायका, नाइट शिफ्टवरून सरळ आलेल्या केरळच्या दोन नर्सेस, आणि फादरही केरळचेच. रस्त्यावरचा एकही हिरवा विग आत नव्हता. आजी गायल्या. आवाज फाटत होता, पण सूर सुटत नव्हता. मी बौद्ध घरातली, मला त्यातलं काही येत नव्हतं, मी नुसती बसून राहिले. आमच्याकडे जयंतीला डीजेसमोर नाचणारे, आणि ज्यांची जयंती त्यांनी लिहिलेलं एक पानही न वाचलेले लोक मला आठवले. त्यांचाही तितकाच राग आला.

परत आलो तर मॅनेजर दारातच उभी.

"कुठे होता तुम्ही? फोटोग्राफर खोळंबला होता!"

"चर्चला," मी म्हटलं.

"आज? आज कशाला?"

तिला खरंच कळलं नव्हतं.

तोपर्यंत तिने मार्ग काढला होता. एका ग्रीक आजोबांना टोपी घालून केकसमोर बसवलं होतं. आजोबा खुशीत केक खात होते. ब्रोशर छापून आलं तेव्हा त्यांच्या फोटोखाली 'आमचे आयरिश रहिवासी' असं होतं. त्यांची मुलगी भांडायला आली, तर मॅनेजर म्हणाली, "त्या दिवशी सगळेच आयरिश असतात, नो वरीज!"

मला मात्र चर्चहून आलो त्याच दुपारी, तिला न विचारता आजींना नेल्याबद्दल तंबी मिळाली. आजींना कळलं तसं त्या म्हणाल्या, "मला तिच्या ऑफिसात ने." मी नेलं. टेबलासमोर ताठ बसून, वर्गातल्या पोराशी बोलावं तशा त्या बोलल्या.

"मी कुठे जाते हे विचारायचं असेल तर मला विचार. हिला नाही. मी इथे राहते, तू इथे फक्त नोकरीला आहेस."

मॅनेजर टेबलाला वळसा घालून आली, खाली वाकली, आणि लहान बाळाचा घ्यावा तसा तिने आजींचा गालगुच्चा घेतला. "ऑफ कोर्स, डार्लिंग."

आजींनी बाहीतून रुमाल काढला आणि तिच्यादेखत, सावकाश, गाल पुसला.

"चल बाळ," त्या मला म्हणाल्या.

मी व्हीलचेअर वळवली.