बाबांनी शिवलेली गोधडी

आईचा उजवा हात मोडला तेव्हा माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येऊन चारच दिवस झाले होते. ती दिघाशीला दिलेली. आठवा महिना चालू होता, डिसेंबरचे दिवस होते, आणि आईने चार जुनी लुगडी धुऊन गच्चीवर वाळत टाकली होती. ती काढून खाली उतरताना शेवटच्या पायरीवर तिचा पाय घसरला. मी धावत गेले तर ती उजव्या मनगटावर पडलेली आणि डाव्या हाताने लुगड्यांचं गाठोडं छातीशी धरलेलं.

"आधी ही घे," ती म्हणाली, "मळतील."

दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही असं सांगितलं. परतताना रिक्षात आई बोटांवर दिवस मोजत होती. बाळ जानेवारीच्या अखेरीस येणार. प्लास्टर निघणार त्याच सुमाराला. मग बाळाची गोधडी शिवायची कोणी?

आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं कापड शिवत नाहीत. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची छोटी गोधडी तेवढी करून ठेवतात. आईच्या हिवाळ्यात दोन कामं ठरलेली असायची. एक गोधड्या, दुसरी नानकटाई. पीठ घरी मळायचं आणि ताटं गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची. त्या वर्षी दोन्ही कामं प्लास्टरात अडकली.

"आई, बाजारात काय सुंदर ब्लँकेटं मिळतात," बहीण म्हणाली. "कार्टूनची. गुबगुबीत."

आईने तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ती बाळच बाजारातून आणू या म्हणाली होती.

मी कशेळीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. सकाळी आठला निघते ती सातला घरात. शिवाय मला शिवणातलं फक्त बटण लावता येतं, तेही सैल. बहिणीचे पाय सुजलेले, डॉक्टरांनी तिला फार वेळ खाली बसू नको म्हणून बजावलेलं. तेवढ्यात पेपर डोळ्यांशी धरून बसलेले बाबा म्हणाले, "मी शिवतो."

ते म्हणाले म्हणजे ओरडलेच. बाबांनी तीस-बत्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली. बिघडलेला माग उघडायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चालू करायचा. त्या खडखडाटात कान गेले आणि आवाज वाढला. दोन वर्षांपूर्वी मालकाने माग भंगारात काढले, तेव्हापासून ते घरीच होते. आमच्या घरात कुजबुज नावाचा प्रकार कुणाला माहीतच नाही.

"तुम्ही?" आई हसली.

"का? मागावर तुटलेला धागा कोण सांधायचा? हीच बोटं ना?"

दुसऱ्या दिवशी ते ओळखीच्या कारखान्यातून पांढरंशुभ्र कोरं कापड घेऊन आले. आईने ते डाव्या हाताच्या बोटांत चुरगाळून बघितलं. "ह्याच्यात खळ हाय. पोराचं अंग सोलून काढाल. आणि नवं चालत न्हाय, किती वेळा सांगू?"

कापड मुकाट परत गेलं. मग लुगडी फाडली, एकावर एक अंथरली, चारी कोपऱ्यांवर वाटी, वरवंटा, पाट आणि माझं जुनं शब्दकोशाचं बाड ठेवलं. बाबा मांडी घालून बसले. आई समोर खुर्चीवर, प्लास्टर उशीवर. शिकवणी सुरू झाली.

"खालच्या थरापर्यंत जाऊ दे सुई!"

"काय?"

"खालच्या थरापर्यंत!"

हे सगळं गल्लीला ऐकू जात होतं. तिसऱ्या दिवशी मी कामाला निघाले, तर समोरची मावशी खिडकीतून विचारते, "झाली का गं पहिली ओळ?"

पहिली ओळ झाली, दुसरी झाली, पण सरळ एकही होईना. मध्येच दोन बोटं लांब टाका, मध्येच तीन टाके एकावर एक. आईने दोन दिवस ते चालवून घेतलं. तिसऱ्या दुपारी बाबा जरा आडवे झाले तेव्हा तिने डाव्या हाताने सुईच्या टोकाने टाके उसवायला घेतले. पाच ओळी उसवल्या. बाबा उठले, बघितलं, आणि चपला घालून बाहेर गेले.

रविवार होता, मी घरीच होते. अर्ध्या तासाने आई म्हणाली, "जा गं, बघून ये."

ते मला त्यांच्या जुन्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर सापडले. कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे, शटरला नवा निळा रंग आहे. मी शेजारी बसले. चहा मागवला.

"आईचं मनावर घेऊ नका," मी म्हटलं.

"तिचं काय चुकलं? वाकडंच हाय ते." त्यांनी कप खाली ठेवला. "मला दिसत न्हाय गं. धुऊन पांढरं पडलेलं लुगडं, पांढरा धागा. मी अंदाजाने टोचतोय."

"कधीपासून?"

"झालं असंल वर्ष. समोर धुकं असल्यासारखं वाटतं."

मला एकदम पेपर आठवला, नाकाला लागेल इतका जवळ धरलेला. आम्हाला सगळ्यांना तो दिसत होता. कान गेलेला माणूस डोळ्यांचं सांगायला लाजत होता. "आणखी एक गेलं म्हणून काय सांगायचं," असं ते म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी हळू आवाजात म्हटलं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती बराच वेळ उसवलेल्या ओळींवरून बोट फिरवत राहिली. मग बहिणीला हाक मारली. "कपाटात लाल धाग्याची रीळ हाय बघ. दहा-बारा सुया ओवून ठेव. साबणाच्या वडीत खोचून ठेव, म्हंजे त्यांना शोधाया नको." बाबांना ती एवढंच म्हणाली, "लाल धाग्याने शिवा. पोराला लाल रंग आवडतो."

पोर अजून पोटात होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन बाळंतपणानंतर करायचं ठरलं. पांढऱ्यावर लाल धागा मात्र बाबांना दिसायला लागला. ओळी पुष्कळशा सरळ आल्या. सकाळच्या उन्हात, दारात चटई टाकून ते बसायचे. अंगात स्वेटर, कानाला मफलर, पायांवर ती गोधडी. त्यांच्या जुन्या कारखान्यातले कोणी रस्त्याने जाताना थांबायचे. "क्या उस्ताद, नया लूम लगाया?" बाबा हसून मान हलवायचे. त्यांना ऐकू आलं की नाही, देव जाणे.

गोधडी निम्मी झाली आणि बाबांचा हुरूप वाढला. मी अर्धी सुट्टी काढून आईला प्लास्टर दाखवायला नेलं, त्या दुपारी त्यांनी ठरवलं की आम्ही परत येईपर्यंत नानकटाई तयार ठेवायची. आदल्या दिवशी बोलता बोलता आईने प्रमाण सांगितलं होतं. अर्धा किलो मैदा, पाव किलो तूप, पाव किलोहून थोडी जास्त पिठीसाखर. बाबांनी पाव ऐवजी पाऊण किलो तूप ऐकलं.

पुढचं बहिणीने सांगितलं. ती झोपून उठली तेव्हा परातीत तुपाचं तळं होतं आणि बाबा त्यात मैदा ओतत होते. गोळा होईना म्हणून दुकानातून आणखी एक किलो आणला. मग झाला गोळा. साखर मात्र पहिल्या मापाचीच राहिली. त्यांनी एकेक नानकटाई वळली आणि आपली ओळखू यावी म्हणून प्रत्येकीवर मागाच्या कांडीचं बूड दाबलं. कांडी म्हणजे धागा गुंडाळायची लाकडी नळी. एक जुनी त्यांनी आठवण म्हणून ठेवली होती. प्रत्येकीवर छान गोल शिक्का उठला. आठ ताटं भरली. शेजारून ताटं मागून आणावी लागली.

बेकरीवाले चाचा सकाळचे पाव काढून झाल्यावर उरलेल्या आचेवर घरोघरची ताटं भाजून देतात. आठ ताटं बघून ते म्हणाले, "भाईसाब, मोहल्ले में शादी है क्या?"

"बच्चा आनेवाला है," बाबा ओरडून म्हणाले.

"एक ही ना?"

आम्ही परत आलो तेव्हा घरभर खमंग वास सुटला होता आणि टेबलावर दोन डबे, एक पातेलं आणि शेजारणीची कापडी पिशवी, सगळं नानकटाईने भरलेलं. बाबा हात मागे बांधून उभे होते. आईने एक उचलली. तोंडात टाकली. थांबली.

"साखर?"

"घातली की."

"तूप किती घेतलं?"

"तूच सांगितलंस. पाऊण किलो."

"पाव!"

"तेच की."

आई हसायला लागली ती थांबेच ना. हात मोडल्यापासून पहिल्यांदा ती अशी हसत होती, आणि हसताना हात दुखतो म्हणून प्लास्टर धरून आणखी हसत होती. बाबाही हसले, कशाला ते नीट न कळताच. आणि बहीण? तिला महिनाभर गोड बघवत नव्हतं, जळजळ व्हायची, वजन वाढत नाही म्हणून डॉक्टर रागावले होते. तिने उभ्या उभ्या सात खाल्ल्या. "ताई, मला ह्याच पाहिजेत," ती म्हणाली. "अजिबात गोड नाहीत." पुढचे पंधरा दिवस ती चहाबरोबर त्याच खात होती. उरलेली गल्लीत वाटली. समोरची मावशी म्हणाली, छान झालेत, पण काय झालेत ते सांगा.

बाळाने जानेवारीच्या अखेरीची वाट बघितली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बहिणीच्या पोटात दुखायला लागलं. गोधडीची एक बाजू अजून शिवायची होती. आम्ही पिशव्या भरत होतो तेव्हा बाबांनी गोधडी, लाल रीळ, साबणाची वडी आणि बहिणीसाठी ठेवलेला नानकटाईचा शेवटचा डबा एका पिशवीत घातला.

दवाखान्यात आई आत बहिणीपाशी राहिली. मी कागदपत्रांच्या रांगेत. मधूनच येऊन बघितलं तर बाबा बाकावर बसून शिवत होते, पण धागा खसकन ओढत होते आणि सुई पुन्हा पुन्हा भलतीकडे जात होती. शेजारी डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई बसली होती. तिची सूनही आत होती. ती बराच वेळ बाबांचे हात बघत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, धागा लय ओढताव. ढिला सोडा."

बाबांना ऐकू आलं नाही. मी कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी धागा ढिला सोडला. तिने आणखी जरा वेळ बघितलं, मग वडीतली दुसरी सुई काढली, गोधडीचं दुसरं टोक आपल्या मांडीवर ओढलं आणि शिवायला लागली. विचारलं नाही, सांगितलं नाही. तिचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, भराभर. ती त्या टोकाकडून, बाबा या टोकाकडून. बाबांची सुई हळूहळू ओळीवर आली. मी रांग सोडून तिथेच उभी राहिले आणि माझा नंबर गेला.

दुपारी मुलगी झाली. तोवर बाजू पूर्ण झाली होती. त्या बाईने दाताने धागा तोडला, गोधडी झटकली, घडी घातली आणि बाबांच्या हातात दिली. तेवढ्यात तिला आतून हाक आली आणि ती पदर खोचत निघाली. बाबांनी घाईघाईने पिशवीतला नानकटाईचा डबा काढून, तिच्यामागे धावत जाऊन तिच्या हातात कोंबला.

आईने गोधडी बघितली ती संध्याकाळी, बाळ त्यात गुंडाळताना. बोट त्या शेवटच्या बाजूवर थांबलं. "ही ओळ तुमची न्हाय."

बाबांनी सांगितलं.

"कुठली होती ती? काय झालं तिच्या सुनेला?"

"इचारलंच न्हाय."

"आणि दिलंत काय तिला?"

"नानकटाई."

"ती अगोड?" आईने कपाळावर डावा हात मारून घेतला. रात्रीच्या जेवणापर्यंत तिचं तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला चांगले लाडू घेऊन वॉर्डात पाठवलं. ती बाई आणि तिची सून सकाळीच घरी गेल्या होत्या. मुलगा झाला, एवढं नर्सने सांगितलं.

सव्वा महिन्याने बहीण बाळाला घेऊन दिघाशीला गेली. मार्चमध्ये बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मेमध्ये दुसऱ्याचं. आईचा हात जुळला, पण थोडा वाकडा. पीठ मळताना दुखतो, आणि लांबलचक टाके घालणं तिला आता जमत नाही. हे तिने कुणाला सांगितलं नाही. बाबांनाच आधी कळलं, ती पोळी लाटताना मनगट कसं धरते त्यावरून.

या हिवाळ्यात ते कुकरमध्ये वाळू घालून केक भाजायला शिकताहेत. पहिला खालून करपला, दुसरा मधे कच्चा राहिला. आई खुर्चीवर बसून आच कमी करा म्हणते, ते "काय?" म्हणून विचारतात, आणि मी कामाला निघते तेव्हा समोरची मावशी खिडकीत उभीच असते.