फ्रिजमधले डॅफोडिल

केडगावात डॅफोडिल फुलवायची हौस आमच्या शेजाऱ्यांनाच सुचू शकते. एसटीतले निवृत्त मेकॅनिक. लावण्याआधी कंदांना दोन-तीन महिने थंडी लागते, म्हणून त्यांनी ते आमच्या मोठ्या फ्रिजमध्ये आणून ठेवले. रोज मी अंघोळीला निघालो की बेल वाजायची. "फ्रिज लई वेळ उघडा ठेवत न्हाई ना तुमी?" असं विचारत ते एकेक कंद अंगठ्यानं दाबून बघायचे. मला वीट आला होता.

ऐन ऑक्टोबरात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि चार दिवस वीज गेली. ते बर्फ भरलेला थर्मास घेऊन धावत आले. आता कंदांसाठी घर डोक्यावर घेणार, म्हणून मी वैतागलो. त्यांनी कंद बाजूला सारले आणि आईच्या इन्सुलिनच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवल्या. चारही दिवस बर्फ तेच बदलत राहिले. बंद फ्रिजमध्ये कंदांना बुरशी धरली.

"तुमचे कंद गेले हो," मी ओशाळून म्हणालो.

"कंदाचं जाऊ द्या. घरात असलं औषध, अन् साधा थर्मास न्हाई? कसली मानसं तुमी!"

मला राग आला. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच आला.