झालरीची गारवेल

“कोण हात लावले?” गच्चीवर पाऊल टाकलं की आक्कांचा पहिला प्रश्न हाच. तो मला असायचा, कावळ्याला असायचा, मधमाशीलाही असायचा. नुंगंबाक्कमला मी त्यांचा भाडेकरू होतो. श्रीपेरुंबुदूरला नेणारी कंपनीची बस यायच्या आत कपडे वाळत घालायला वर जायचो, एवढाच काय तो माझा गुन्हा.

तंजावरकडच्या मराठी घरातल्या या बाई गारवेलींची, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीची, लग्नं लावायच्या. संध्याकाळी मिटलेली कळी अलगद उघडून आतले पुंकेसर चिमट्यानं काढायच्या आणि वर कागदाची टोपी चढवायच्या. सकाळी दुसऱ्या वेलीचे पराग लावून पुन्हा टोपी. टोपी जरा कलली की संशय. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हात खिशात घालूनच उभे राहिला असता.

त्यांना झालरीच्या काठाचं निळं फूल हवं होतं. साधी निळी वेल त्यांची, झालरवाली पांढरी खालच्या मजल्यावरच्या धाकट्या बहिणीची. या दोन वेलींच्या जोडाचं बी वाळवायला ठेवलं बहिणीच्याच खिडकीत, कारण ऊन तिथं छान यायचं. पुढच्या हंगामात फुलं आली ती सगळी निळी आणि साधी. धाकटीनं बी बदललं, असं आक्कांनी ठरवून टाकलं. धाकटी शपथा घेऊन थकली आणि घर बंद करून कोइमतूरला मुलाकडे निघून गेली. आक्कांनी वेली उपटून खाली भिंतीशी फेकल्या.

वर्षभरानं त्याच ढिगातून बी रुजलं आणि वेली धाकटीच्या बंद खिडकीच्या गजांवर चढल्या. बरीचशी फुलं साधी होती, पण काही निळ्या फुलांना झालर होती. मी आक्कांना बोलावलं.

“तू लावलास?” त्यांनी मलाच धरलं. मी शाळेत शिकलेलं सांगितलं. झालर गेली नव्हती, नुसती लपली होती. मुलांत दिसली नाही तरी नातवंडांत ती वर येते.

आक्का पायरीवर बसल्या. “म्हणजे धाकटी काही केली नाही,” त्या हळूच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

धाकटी फोनवर यायला तयार नव्हती. दुसऱ्या सकाळी आक्कांनी एक फूल तोडून ओल्या फडक्यात ठेवलं आणि स्टेशनला निघाल्या. दुपारपर्यंत ते सुकेल, असं मी म्हणालो.

“सुकू दे. ती ओळखेल.”

महिन्याभरानं मला धाकटीचा फोन आला. आक्का पोचेपर्यंत फुलाचा नुसता गोळा झाला होता. तिनं तो पाण्यात सोडून बोटांनी उलगडून पाहिला होता. आक्का मग तिच्याकडेच राहिल्या.